रंग जमला की चव बिघडते, चव जमली की रंग: घरगुती बिअरच्या रेसिपीची दुरुस्ती

लालसर एल (बिअरचा एक प्रकार) करायला घेतली की माझं एकच दुखणं पुन्हा पुन्हा डोकं वर काढायचं. पहिल्या बॅचची चव सुरेख होती, पण रंग फिका तांब्यासारखा. मला हवा होता उजेडासमोर ग्लास धरल्यावर माणकासारखा चमकणारा लाल. म्हणून दुसऱ्या बॅचमध्ये क्रिस्टल माल्ट दुपटीहून थोडं जास्त घातलं (अंकुर आणून वाळवलेली बार्ली म्हणजे माल्ट, आणि क्रिस्टल हा त्याचा गोड, टॉफीच्या चवीचा प्रकार). रंग आला, पण बिअर इतकी गोड आणि जड झाली की अर्ध्या ग्लासानंतर घोट पुढे सरकेना. तिसऱ्या खेपेला क्रिस्टल निम्म्यावर आणून 250 ग्रॅम चॉकलेट माल्ट, म्हणजे गडद भाजलेलं माल्ट, घातलं. ती बॅच सरळ तपकिरी निघाली आणि चवीला कोऱ्या कॉफीच्या जवळ गेली. तीन बॅचेस, साठ लिटर बिअर आणि मनासारखी एकही नाही.

रंग आणि चव हा एकच प्रश्न समजून मी तो सोडवत होतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ज्या माल्टने चव द्यायची त्यानेच रंगही द्यावा, असा हट्ट धरला की एक सावरताना दुसरं सुटतं. दोन्ही कामं वेगवेगळ्या माल्टकडे सोपवली तर हा गुंता बऱ्यापैकी सुटतो. तो कसा सोडवायचा आणि त्याआधी काय तपासायचं, ते इथे मांडतो.

आधी खात्री करा की रंग खरंच चुकला आहे

फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, बिअर कायम गडद दिसते, कारण उजेडाला वीस-पंचवीस सेंटिमीटर द्रवातून यावं लागतं. तीच बिअर ग्लासात बरीच फिकी दिसते आणि चाचणीच्या बारीक नळीत त्याहून फिकी. उलट बाजूने, यीस्ट तरंगत असेल तर बिअर गढूळ आणि आहे त्यापेक्षा फिकी वाटते. यीस्ट खाली बसल्यावर रंग खोल दिसू लागतो. म्हणून आंबवण चालू असताना रंगावरून काहीच ठरवू नका. बिअर निवळली, गॅस ढवळून काढून टाकला, नेहमीच्याच ग्लासात ओतली आणि मागे पांढरा कागद धरून दिवसाच्या उजेडात पाहिली, तरच ते निरीक्षण धरायचं. पिवळ्या बल्बखाली प्रत्येक बिअर एक पायरी लाल दिसते. या एका कारणाने मी पहिल्या बॅचबद्दल दोनदा मत बदललं होतं.

मग एककं तपासा

रंगाच्या तक्रारीमागे सर्वात जास्त वेळा हेच कारण सापडतं आणि सर्वात कमी लोक ते तपासतात. माल्टच्या पिशवीवरचा रंगाचा आकडा लोव्हिबाँडमध्ये असू शकतो किंवा ईबीसीमध्ये. लोव्हिबाँड हे माप जोसेफ विल्यम्स लोव्हिबाँड या इंग्लिश ब्रुअरच्या नावाने ओळखलं जातं. त्याने 1880च्या दशकात रंगीत काचांशी तुलना करून बिअरचा रंग मोजायची पद्धत बसवली. पुढे काचांची जागा उपकरणाने घेतली. आज अमेरिकी एसआरएम पद्धतीत 430 नॅनोमीटरचा प्रकाश एक सेंटिमीटर बिअरमधून जाताना किती शोषला जातो ते मोजून त्याला 12.7 ने गुणतात. युरोपातल्या ईबीसी पद्धतीत त्याच आकड्याला 25 ने गुणतात. त्यामुळे ईबीसीचा आकडा एसआरएमच्या जवळजवळ दुप्पट, नेमकं सांगायचं तर 1.97 पट येतो.

प्रत्यक्षात याचा फटका असा बसतो. रेसिपीत 'क्रिस्टल 60' लिहिलंय, ते लोव्हिबाँडमध्ये. तुमच्या पिशवीवर 60 लिहिलंय, पण ते ईबीसी आहे. म्हणजे लोव्हिबाँडमध्ये ते फक्त 23च्या आसपास भरतं (वरचं 1.97 हे बिअरच्या रंगासाठी; माल्टचा ईबीसी आकडा लोव्हिबाँडच्या साधारण 2.65 पट असतो). लिहिलेलं वजन तंतोतंत घातलं तरी क्रिस्टलकडून येणारा रंग निम्म्याहून कमी मिळणार आणि टॉफीची चवही हलकीच राहणार. रेसिपीतल्या क्रिस्टल 60च्या तोडीचं माल्ट ईबीसीच्या पिशवीत शोधायचं तर 150 ते 160चा आकडा बघावा लागतो. गणित करणाऱ्या ॲपमध्येही हीच गफलत होते: ॲपची सेटिंग एकात, पिशवी दुसऱ्यात. रेसिपीला हात लावण्याआधी पिशवी, रेसिपी आणि ॲप या तिन्ही ठिकाणचं एकक एकदा जुळवून घ्या. शिवाय एकाच नावाच्या माल्टचा रंग कंपनीनुसार आणि लॉटनुसार बदलतो, तेव्हा ॲपमधला तयार आकडा न घेता पिशवीवरचा भरा.

हिशेब हाताने एकदा करा

ॲप उत्तर देतं, पण कुठल्या माल्टने किती रंग दिला ते हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाही. प्रत्येक माल्टसाठी वजन किलोमध्ये, गुणिले त्याचा लोव्हिबाँड आकडा, गुणिले 8.345, भागिले बॅचचे लिटर. सगळ्यांची बेरीज केली की एमसीयू मिळतं, म्हणजे माल्टने दिलेल्या रंगाचे एकूण गुण. पण गुण दुप्पट झाले म्हणून रंग दुप्पट होत नाही. डॅनियल मोरी यांच्या सूत्राने एमसीयूचा 0.6859 घात काढून त्याला 1.4922 ने गुणलं की एसआरएमचा अंदाज येतो.

माझी पहिली बॅच: 20 लिटर, 4.5 किलो पेल (फिकं) माल्ट 2.5 लोव्हिबाँडचं, 400 ग्रॅम क्रिस्टल 60. पेल माल्टचे 4.7 गुण, क्रिस्टलचे 10, बेरीज 14.7. सूत्रात घातल्यावर 9.4 एसआरएम. लाल झाक साधारण 12 ते 17च्या पट्ट्यात दिसते, म्हणून मी 14 धरलं. 14 यायला 26.2 गुण लागतात. म्हणजे आणखी साडेअकरा गुण कुठून तरी आणायचे.

आता खरी गंमत बघा. हेच साडेअकरा गुण क्रिस्टल 60 कडून घ्यायचे तर आणखी 457 ग्रॅम घालावं लागतं. 350 लोव्हिबाँडच्या चॉकलेट माल्टकडून घ्यायचे तर 78 ग्रॅम. 500 लोव्हिबाँडच्या काळ्या माल्टकडून घ्यायचे तर अवघे 55 ग्रॅम. कागदावर तिन्ही ठिकाणी एसआरएम तेवढंच येतं, पण तोंडात तीन वेगळ्या बिअर. पहिल्या वाटेने क्रिस्टलचं प्रमाण एकूण माल्टच्या सोळा टक्क्यांवर जातं, आणि हीच माझी दुसरी, न संपणारी बॅच. तिसऱ्या वाटेने काळं माल्ट जेमतेम एक टक्का असतं, आणि एवढ्याशा प्रमाणात करपट चव जवळजवळ कळत नाही. ज्या पहिल्या बॅचची चव आवडली होती तिला धक्का न लावता रंग हवा तिथे नेता येतो. चौथी बॅच मी अशीच केली: पहिलीच रेसिपी, वर 55 ग्रॅम काळं माल्ट.

ही युक्ती नवी नाही. 1817 साली डॅनियल व्हीलर याने इंग्लंडमध्ये ड्रममध्ये माल्ट भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. तोपर्यंत पोर्टर या बिअरचा गडद रंग मुख्यतः तपकिरी माल्टमधून यायचा, आणि त्या माल्टमधून साखर कमी निघते हे हायड्रोमीटरने (द्रवाची घनता मोजायच्या साधनाने) ब्रुअरांना आधीच दाखवून दिलं होतं. व्हीलरच्या काळ्या माल्टमुळे साखर स्वस्तात देणारं फिकं माल्ट आणि रंग देणारं चिमूटभर काळं माल्ट अशी विभागणी शक्य झाली. घरच्या वीस लिटरमध्ये आपण तीच विभागणी करतो.

एक सावधगिरी. 55 ग्रॅम मोजताना वीस ग्रॅमची चूक झाली, तर 14 ऐवजी 12.4 किंवा 15.5 एसआरएम येईल. मोठ्या वजनाच्या माल्टसाठी चालणारा जाडाभरडा काटा इथे चालत नाही. काळं माल्ट ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावरच मोजा.

कोणतं गडद माल्ट, आणि ते कधी घालायचं

भाजलेली बार्ली, म्हणजे अंकुर न आणता भाजलेली, लाल झाक देण्यासाठी चांगली असते. मोठ्या प्रमाणात मात्र ती कॉफीची कोरडी कडवट चव आणते. काळं माल्ट त्याहून जास्त करपट. चॉकलेट माल्टमध्ये कोकोचा गोडसर वास असतो, पण त्याच्या रंगात लालपेक्षा तपकिरीपणा जास्त. टरफल काढून भाजलेलं काळं माल्टही मिळतं. करपट कडवटपणा बराचसा टरफलातून येतो, त्यामुळे ते सौम्य असतं. फक्त रंगासाठी हात घालायचा तर मी तेच उचलतो. भाजलेल्या माल्टपासून बनवलेला द्रव रंगही मिळतो, जर्मनीतल्या बाम्बर्गच्या वायरमान कंपनीचा सिनामार हे त्याचं ओळखीचं नाव. तो थेंबाथेंबाने घालता येतो, म्हणून शेवटची बारीक दुरुस्ती त्याने सोपी होते.

प्रमाण एक-दोन टक्क्यांच्या वर जाणार असेल, तर काळं माल्ट सुरुवातीपासून मॅशमध्ये (माल्ट गरम पाण्यात मुरवायच्या टप्प्यात) ठेवू नका. मॅशच्या शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत वरून पसरा, किंवा रात्रभर थंड पाण्यात भिजत घालून, गाळून, तो काळा अर्क उकळीच्या शेवटच्या काही मिनिटांत घाला. थंड पाण्यात रंग थोडा कमी उतरतो, म्हणून माल्ट जरा जास्त घ्यावं लागतं, पण चव खूप मऊ राहते. 55 ग्रॅमसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही.

रंग हव्यापेक्षा गडद येत असेल तर

फिकी बिअर करताना ही तक्रार येते, आणि तिचं मूळ बहुतेक वेळा माल्टच्या यादीत सापडत नाही.

द्रव माल्ट अर्क वापरत असाल तर आधी त्याच्याकडे बघा. डब्यात पडून असताना त्यातल्या साखरा आणि अमिनो आम्लं एकमेकांशी संयोग पावत राहतात. पाव भाजताना कवच तांबूस होतं ती हीच मायार अभिक्रिया. जुना अर्क उघडतानाच गडद असतो आणि चवीला थोडा शिळा गोडवा देतो, तो रेसिपी बदलून जात नाही. ताजा अर्क किंवा कोरडी पूड घ्या. दुसरं, 20 लिटरची बॅच 10 लिटर पाण्यात उकळून मग पाणी मिसळत असाल, तर त्या दाट वर्टमध्ये (अजून न आंबवलेल्या माल्टच्या गोड द्रवात) रंग वेगाने चढतो. अर्काचा मोठा हिस्सा उकळीच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत घाला. तसं केल्यावर वर्ट बराच वेळ पातळ असतं आणि हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधून) कडवटपणा जास्त उतरतो, तेव्हा हॉप्सचा हिशेब पुन्हा करा. नाहीतर रंग सुधारल्याच्या आनंदात बिअर कडू निघते आणि दोष नेमका कुठे ते कळत नाही.

बाष्पीभवन जास्त होऊन 20 ऐवजी 17 लिटरच उरलं, तर रंग साधारण बारा टक्क्यांनी चढतो. ताकद आणि कडवटपणाही वाढतात. यावर माल्ट कमी करायचं नाही. आधी उकळून थंड केलेलं पाणी घालून ठरलेल्या मापाला आणायचं.

पाणी आम्लारी असेल, म्हणजे त्यात बायकार्बोनेट जास्त असेल, तर मॅशचा पीएच चढतो. चढलेल्या पीएचला मायार अभिक्रिया जोरात चालते, आणि टरफलातलं टॅनिनही उतरतं. रंग गडद आणि जोडीला तुरट, चहाचा चोथा चघळल्यासारखी चव, अशी दोन्ही लक्षणं एकत्र दिसली तर पीएच मोजाच. खोलीच्या तापमानाला आणलेल्या नमुन्यात 5.2 ते 5.6 हवा. गडद माल्ट स्वतः आम्लधर्मी असतं, म्हणून त्याच पाण्यात स्टाउट (काळी बिअर) छान होते आणि फिकी एल बिघडते.

आणि बाटलीत भरताना रंग बरोबर होता, पण दीड-दोन महिन्यांनी गडद झाला, वासाला ओल्या पुठ्ठ्यासारखी किंवा शेरी वाइनसारखी झाली, तर ऑक्सिजन आत गेला आहे. इथे रेसिपीत काहीही बदलू नका. भरताना नळी बाटलीच्या तळाशी टेकवा, खळखळाट होऊ देऊ नका, वर मोकळी जागा कमी ठेवा. भरपूर हॉप्स घातलेल्या गढूळ बिअरमध्ये हा बदल इतका झपाट्याने होतो की काही आठवड्यांत सोनेरी रंग मातकट होतो. भरपूर क्रिस्टल घातलेली बिअरही जुनी होताना मनुकांसारखी, बोथट लागायला लागते. क्रिस्टल कमी ठेवण्याचं माझ्याकडचं हे आणखी एक कारण.

चव: गोडवा कुठून येतोय ते आधी शोधा

"गोड लागते" म्हणून लगेच क्रिस्टल कमी करायला जाऊ नका. आधी शेवटची घनता बघा, म्हणजे पाणी 1.000 धरून आंबवण संपल्यावरची. 1.012 अपेक्षित असताना 1.018ला अडकली असेल, तर उरलेली साखर हेच कारण. यीस्ट कमी पडलं, थंडीने झोपलं किंवा मॅश फार गरम झाला. 62 ते 65 अंशांच्या मॅशमधून कोरडी बिअर येते, 68-69ला भरीव आणि गोडसर, आणि थर्मामीटर दोन अंशांनी चुकत असेल तरी हा फरक पडतो. घनता बरोबर येऊनही गोड लागत असेल, तरच संशय क्रिस्टलवर घ्या.

घनता मोजताना एक फसगत फार जणांची होते. रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून साखर मोजणारं साधन) आंबवणानंतर खरा आकडा दाखवत नाही, अल्कोहोलमुळे तो चढा दाखवतो. कितीतरी बॅचेस "अडकल्या" म्हणून दुसरं यीस्ट घातलं जातं, आणि त्या मुळात अडकलेल्याच नसतात. शेवटचं मोजमाप हायड्रोमीटरनेच करा, त्यावर लिहिलेल्या तापमानाला, किंवा तापमानाची दुरुस्ती करून.

गोडव्याला तोलणारा दुसरा हात हॉप्सचा. आंबवण्याआधी 1.050 घनता असलेल्या तांबूस एलला 25 ते 30 आयबीयू (कडवटपणाचं एकक) असलं की माझ्या जिभेला तोल बरोबर वाटतो. गडद भाजलेलं माल्ट वाढवलं तर त्याचाही कडवटपणा जमेस धरून हॉप्स थोडे मागे घ्या.

औषधासारखा, जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा वास येत असेल तर माल्ट आणि हॉप्स दोन्ही निर्दोष आहेत. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा किंवा क्लोरामाइनचा तो परिणाम. क्लोरामाइन उकळून सहज जात नाही. वीस लिटर पाण्यात पाव कॅम्पडेन गोळी (सल्फाइटची गोळी) चुरडून घातली की काही मिनिटांत काम होतं.

ग्लासात प्रयोग, मग बॅच

अख्खी बॅच करून चूक कळण्यापेक्षा झालेल्या बिअरच्या चार ग्लासांत पुढची रेसिपी शोधायची, ही सवय मला तिसऱ्या बॅचनंतर लागली आणि आता मी ती सोडणार नाही. प्रत्येक ग्लासात 200 मिलिलिटर बिअर. खाण्यायोग्य दर्जाचं कॅल्शियम क्लोराइड 2 ग्रॅम 100 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं 1 मिलिलिटर एका ग्लासात घातलं, की ते 20 लिटरमध्ये 2 ग्रॅम घातल्याइतकं झालं. त्याने क्लोराइड लिटरमागे सुमारे 48 मिलिग्रॅमने वाढतं आणि बिअर तोंडात गोलसर, भरीव लागते. दुसऱ्या ग्लासासाठी 2 ग्रॅम जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) एक लिटर पाण्यात विरघळवा आणि त्यातलं 10 मिलिलिटर घ्या, कारण 100 मिलिलिटरमध्ये एवढं जिप्सम विरघळत नाही. ते हळू विरघळतं, म्हणून बराच वेळ ढवळा. सल्फेट लिटरमागे सुमारे 53 मिलिग्रॅमने वाढतं आणि कडवटपणा कोरडा, टोकदार होतो. काळ्या माल्टचंही तसंच: 55 ग्रॅम भरडून 300 मिलिलिटर थंड पाण्यात रात्रभर ठेवा, गाळून 200 मिलिलिटर अर्क घ्या. ग्लासामागे 2 मिलिलिटर म्हणजे साधारण तो सगळा अर्क वीस लिटरमध्ये घातल्यासारखा. चौथा ग्लास तसाच ठेवा, तुलनेसाठी.

चव घेताना डोळे फसवतात. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पांढऱ्या वाइनमध्ये वास नसलेला लाल रंग घालून दिला, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. बिअरमध्येही गडद रंग दिसला की जीभ भाजलेपणा शोधायला लागते. म्हणून अपारदर्शक कपांत ओता आणि दुसऱ्या कुणाला तरी तीन कप द्यायला सांगा, दोनांत सारखी बिअर, एकात वेगळी. वेगळा कप ओळखता आला नाही, तर रंगासाठी घातलेल्या माल्टने चव बदललेली नाही. माझ्या चौथ्या बॅचची मी पहिल्या बॅचच्या जपून ठेवलेल्या बाटलीशी अशीच गाठ घातली. चारदा प्रयत्न केला, एकदाच ओळखू आली.

आता पाचव्या बॅचला पाण्यात 2 ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड वाढवतोय, कारण त्या ग्लासातली बिअर घरी सगळ्यांना आवडली. माल्ट, हॉप्स, यीस्ट, मॅशचं तापमान, सगळं चौथ्यासारखंच ठेवलंय.